खोलीबाहेर गेलेली गोष्ट

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी त्यांना सगळे मोठ्या बाईच म्हणत. उभी हयात मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत गेली होती. आता एका प्रशिक्षण केंद्रातर्फे त्या नव्या मुख्याध्यापकांकडे जात, दार लावून समोर बसत आणि त्यांना बोलतं करत. उपदेश करायचा नाही, प्रश्न विचारायचे. समोरच्याने आपल्या कामाकडे आपणच नीट पाहायचं, असं ते काम. खोलीतलं बोलणं खोलीबाहेर न्यायचं नाही, हा त्यातला पहिला नियम.

त्यांच्या वाट्याला एक तरुण सर आले होते. हुशार, कामाला वाघ, पण शिक्षकांच्या सभेला घाबरायचे. एकदा मान खाली घालून त्यांनी सांगूनच टाकलं, "बाई, परवाच्या सभेत फोनचं निमित्त करून बाहेर पडलो आणि खेळाच्या खोलीत जाऊन बसलो. सभा संपेपर्यंत. तिथून निघताना उपमुख्याध्यापिका जिन्यात भेटल्या. त्यांनी पाहिलं असणार."

"तिथे बसल्यावर मनात काय चाललं होतं?" बाईंनी विचारलं आणि सर घडाघडा बोलत सुटले. उठताना त्यांचा चेहरा हलका झाला होता. बाईही खूश होत्या. स्वतःवर जरा जास्तच.

रविवारी त्या ताईकडे जेवायला गेल्या. ताईचे यजमान, म्हणजे बाईंचे भावोजी, सरांच्याच शाळेच्या व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष. हात पुसता पुसता त्यांनी विचारलं, "काय म्हणतोय आमचा नवा गडी?"

"प्रामाणिक आहे हो," बाई म्हणाल्या. तिथेच थांबल्या असत्या तर काही बिघडलं नसतं. पण माणसं आपल्यापाशी कशी मन मोकळं करतात, हे सांगायचा मोह आवरला नाही. "सभेला घाबरून खेळाच्या खोलीत दडून बसला होता बिचारा. स्वतःहून सांगितलं मला." भावोजी खो खो हसले, ताई हसली, बाईही हसल्या.

पुढच्या भेटीला सरांचा चेहरा पडलेला होता. समितीच्या बैठकीत अध्यक्ष सगळ्यांदेखत म्हणाले होते, "खेळाच्या खोलीत बसून शाळा चालत नसते, साहेब."

"उपमुख्याध्यापिकांचंच काम," सर म्हणाले. "दुसऱ्या कुणी पाहिलंच नव्हतं. दहावीचा वर्ग काढून घेतला मी त्यांच्याकडून."

हे आपल्याच तोंडून गेलंय, हे बाईंना लगेच कळलं. तोंडातून मात्र सवयीचा प्रश्न निघाला, "त्यांनीच सांगितलं, असं कशावरून वाटतं तुम्हाला?" मग दुसरा प्रश्न, मग तिसरा. एकेका प्रश्नाआड आपण लपत चाललोय हे त्यांना कळत होतं, पण थांबता येत नव्हतं. शेवटी सर म्हणाले, "तुमच्यापाशी बोलता तरी येतं. नाहीतर राजीनामाच दिला असता." बाईंनी पर्स उचलली आणि त्या निघाल्या.

बाहेर उपमुख्याध्यापिका उभ्या होत्या. दहावीच्या वह्यांचा गठ्ठा दुसऱ्या शिक्षकाला द्यायला निघालेल्या. "बाई, सरांचं माझ्यावर काय बिनसलंय हो? विचारायला गेले तर वर बघत नाहीत. तुमचं ऐकतात ते. विचाराल का?" डोळे भरले होते, आवाज मात्र त्यांनी सांभाळला होता.

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आलेच," म्हणून त्या उलट पावली फिरल्या, सरांच्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं.

"सर, त्यांनी नाही, मी सांगितलं. अध्यक्ष माझे भावोजी आहेत. तेही तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. जेवायला गेले होते, बोलून गेले."

सर टेबलाकडे बघत म्हणाले, "हसले असतील ते."

"हो."

"आणि तुम्ही?"

नाही म्हणणं किती सोपं होतं. "मीही," बाई म्हणाल्या.

सर उठले. दार उघडून वह्यांचा गठ्ठा घेऊन जाणाऱ्या उपमुख्याध्यापिकांच्या मागे गेले.

संध्याकाळी बाईंनी केंद्राला सगळं कळवलं. सरांसाठी दुसरं कुणी पाहा, म्हणाल्या. मग भावोजींना फोन केला. "अगं, घरातल्या घरात बोललो आपण, त्यात काय एवढं!" ते म्हणाले.

"घरातलं नव्हतंच ते, भावोजी. सरांची माफी मागा तुम्ही."

"बघू," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

काही महिन्यांनी बाजारात उपमुख्याध्यापिका दिसल्या. आपणहून जवळ आल्या. दहावीचा वर्ग परत मिळाला होता. सर हल्ली सभा स्वतः घेत. आवाज कापतो, पण शेवटपर्यंत बसतात, म्हणाल्या.

"सगळ्यांसमोर माफी मागितली हो माझी. पण चहाडी कुणी केली ते काही सांगितलं नाही. खोदून खोदून विचारलं मी. म्हणाले, ते माझ्यापाशीच राहू दे."

बाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली.

"मी केली," त्या म्हणाल्या.

उपमुख्याध्यापिकांचं हसू मावळलं. "येते मी," एवढंच म्हणून त्या गर्दीतून वाट काढत निघून गेल्या. बाई भाजीच्या गाडीपाशी तशाच उभ्या राहिल्या. काय देऊ, असं भाजीवाल्याने दोनदा विचारलं, तरी आपल्याला काय हवं होतं ते त्यांना आठवेना.