इसार द्यायच्या आधी

लगीन बघावं करून आणि घर बघावं बांधून, असं म्हणत्यात. आमच्या संयोगितानं घर बघितलं ते ऱ्हाऊन, आणि तेबी इसाराचा एक रुपाया न देता. पेठेत अजून ही गोष्ट निघाली की बायका तोंडाला पदर लावून हसत्यात. हसू देत. माझ्या सुनेचा नाद करायचा न्हाय, एवढंच मी सांगते.

मी चिमणाबाई. माहेर नेसरीचं, पण लगीन होऊन उत्तरेश्वर पेठेत आले ती हितलीच झाले. समदा संसार भाड्याच्या दोन खोल्यांत. गेल्या वर्षी घरमालकाच्या पोरांनी जागा बिल्डरला दिली आणि आमास्नी सांगितलं, बिऱ्हाड हलवा. माझा पोरगा कृष्णात शिरोलीला कारखान्यात लेथवर हाय, सून महाद्वार रोडला साड्यांच्या दुकानात. दोघांचा पगार, बँकेचं कर्ज, माझ्या पाटल्या, समदं एक करून बघितलं तर दोनच घरं आवाक्यात येत हुती. एक पेठेतच, दोन गल्ल्या पलीकडं: एक खोली, एक स्वयंपाकघर, वर लाकडी माळा. दुसरं उचगावला: ऐसपैस हॉल, दोन बेडरूम, पुढं व्हरांडा, वर गच्ची. किंमत दोन्हीची सारखीच.

मग ह्यात इचार कसला करायचा? मी तर त्याच दिवशी उचगावच्या घराला नारळ फोडला असता. कृष्णातला तिथनं कारखाना जवळ. नात तेजस्वी, दहावीची पोर, तिला अभ्यासाला खोली. आणि मला, खोटं कशाला बोलू, स्वयंपाकघर पाहिजे हुतं. आमच्यात भाकरी थापताना माझा एक गुडघा दाराबाहेर असायचा. सून भांडी घासायला बसली की माझ्या पाठीला तिची पाठ लागायची, आणि मग मी चिडायचे, आणि ती गप बसायची.

आमचं म्हातारं, म्हंजे गणपतराव, म्हणलं, तुम्ही ठरवाल ते. तरणेपणी तालमीतलं नाव हुतं त्यांचं. साखरेच्या आजारानं डोळं गेलं. पण पेठेत त्यास्नी आंधळा म्हणंल त्याची जीभ झडंल. सकाळी काठी घेऊन एकटं निघायचं, भिंतीला हात लावत गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर जायचं. तिथं म्हसरं उभी असत्यात, समोर धार काढत्यात. गिलासभर कोमट दूध तिथंच प्यायचं, मग तालमीच्या पायरीवर बसून पोरांना डाव सांगायचं. डाव दिसत न्हाय, पण नुसत्या धापेवरनं सांगायचं कोण खाली हाय ते. कुणी हात धराय आलं तर काठी उगारायचं.

तर उचगावला इसार द्यायचं ठरलं आणि आमच्या बाईसाहेबांनी, म्हंजे सुनेनं, पाय रोवला. म्हणली, आधी चार दिस तिथं ऱ्हाऊन बघायचं. मी म्हणलं, बाई, घर हाय का लुगडं, नेसून बघायला? तर म्हणली, व्हय, तसंच. दुकानात आरशाम्होरं समद्या साड्या झ्याक दिसत्यात. मी गिऱ्हाइकाला म्हणते, अंगावर टाका आणि दारात जावा, उन्हात बघा. न्हायतर घरी गेल्यावर रडाल.

कृष्णातला लाज वाटायला लागली. मालकाला कसं इचारायचं? तर ही गेली आणि इचारून आली. उचगावच्या घराचं मालक अझीमभाई, भला माणूस, पोरगा पुण्याला स्थायिक झाला म्हणून घर इकायला काढलेलं. ते आधी पोट धरून हसलं. मग म्हणलं, घर रिकामंच पडलंय, ऱ्हावा की. आणि किल्ली तिच्या हातावर ठेवली. मी तर कपाळावर हात मारला.

गेलो बाई आमी. गाद्या, स्टोव्ह, चार भांडी, परात. आणि काय सांगू, ते घर! पहिल्या दिवशी मी पाय लांब सोडून भाकऱ्या थापल्या. सून मागं भांडी घासती आणि तिची पाठ माझ्या पाठीला लागत न्हाय. ओट्यावर खिडकी, खिडकीतनं वारा. तेजस्वीनं आपली खोली धरली आणि दार लावून घेतलं. जन्मात पहिल्यांदा त्या पोरीनं दार लावलं असंल. मी मनात देवाची जागा, माझ्या पत्र्याच्या पेटीची जागा, समदं ठरवून टाकलं. गच्चीवर जाऊन लोणच्याच्या बरण्या कुठं ठेवायच्या तेबी ठरलं.

म्हाताऱ्यानं समद्या भिंतींवरनं हात फिरवला आणि म्हणलं, दणकट हाय. मग व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलं. आणि थोड्या थोड्या वेळानं इचारायचं, वाजलं किती? मी आपली सांगायची. परत, वाजलं किती? शेवटी मी करवादले, कुठं कोर्टात तारीख हाय का तुमची? तर हसलं. पेठेत त्यांनी कधी कुणाला येळ इचारली न्हाय. म्हसरं परतली, गिरणी सुरू झाली, शाळा सुटली, त्यावरनं त्यांचं घड्याळ चालायचं. पण हे मला तवा सुचलं न्हाय बघा. मी बरण्यांत गुंतलेली.

सून कामावरनं आली की त्यास्नी घेऊन रोज बाहेर पडायची. मला वाटायचं पाय मोकळं करायला नेती. ती त्यास्नी वाट शिकवत हुती. हितनं कोपरा, कोपऱ्यावर किराणा दुकान, त्याच्या पलीकडं चहाचा गाडा. पण वाट शिकायची कशी? भिंतीला भिंत न्हाय, मधी मोकळं प्लॉट, रस्त्याला कडा न्हाय, आणि हायवेला जाणाऱ्या गाड्या अशा अंगावर येत्यात की डोळसानंबी देव आठवावा. तिसऱ्या दिवशी ती दोघं परत येताना मी गच्चीवरनं बघितली. म्हाताऱ्यानं तिचा दंड धरलेला. दोन्ही हातांनी. मी म्हणलं, चांगलं हाय, सून सांभाळून आणती. माझ्या डोक्यात तेवढंच आलं.

शेवटच्या दिवशी सांजचं हॉलमधी समदी बसलो. कृष्णात म्हणाला, आता काय इचार करायचा ऱ्हायला न्हाय, उद्या अझीमभाईंना इसार देऊन टाकू. तेजस्वीनं मान डोलावली. मी तर कवाचीच तयार. आणि म्हाताऱ्यानं घसा खाकरला.

"घ्या हे घर," म्हणलं. "ह्या बाईनं माझ्यापायी जन्म दोन खोल्यांत काढला. तिला एवढं मिळू दे. मला काय, कुठंबी खुर्ची टाकली की झालं."

एवढ्या वर्षांत ह्या माणसानं माझं नाव काढून असं कधी बोलल्यालं न्हाय. मी पदर डोळ्याला लावणार, तेवढ्यात संयोगिता बोलली.

"मामा, तुम्ही खोटं बोलताय."

सासऱ्याला! तोंडावर! कृष्णात तिच्यावर डोळं वटारायला लागला. मीबी तोंड उघडलं हुतं, पण ती थांबलीच न्हाय.

"चार दिस झालं, उंबऱ्याबाहेर तुम्ही एकट्यानं पाय टाकला न्हाय. काल माझा दंड धरलासा, त्याचं वळ अजून हायत. पेठेत तुम्हाला डोळं हायत मामा. हितं न्हाईत. डॉक्टर म्हणलं, गेलेलं डोळं परत येत न्हाईत. मग जे हायत ते मी घर घेऊन काढून घेणार न्हाय."

"आणि माझं काय?" मी म्हणलं. म्हणलं खरं. तोंडातनं निघालंच.

"तुमचं स्वयंपाकघर मी हिरावून घेतीया आत्या," ती म्हणली. "मला ठावं हाय. मला शिव्या द्या."

शिव्या कुठल्या द्यायच्या? मी म्हाताऱ्याकडं बघितलं. खुर्चीला टेकवलेली काठी ते दोन्ही हातांनी चाचपत हुतं, आणि ती घावत नव्हती. आखाड्यात समोरच्याला उचलून टाकणारं हात. माझी बरणी, माझी पेटी, माझी खिडकी, समदं एकदम नकोसं झालं मला. मी उठले आणि स्टोव्ह बांधायला घेतला. कृष्णात काय म्हणणार आई उठल्यावर? त्यानं गाद्या गुंडाळल्या. तेजस्वी मातूर खोलीत जाऊन रुसून बसली, आणि तिचं चुकलं असं मी म्हणणार न्हाय.

अझीमभाईंना किल्ली परत देताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तो माणूस म्हणाला, बरं केलं, नंतर रडण्यापरीस आधी बघितलं ते बरं. वर सुनेला म्हणाला, तुमच्यासारखं गिऱ्हाईक बघितलं न्हाय.

आमी पेठेतलं घर घेतलं. सामान हलवलं त्या दिवशी खोलीत पाय ठेवायला जागा न्हाय अशी गत. तेजस्वी माळ्यावर चढून आपलं बस्तान मांडत हुती. अजून कपाट उभं न्हाय, तवर म्हाताऱ्यानं काठी उचलली, दाराची चौकट चाचपली, भिंतीला हात लावला आणि चाललं. कुठं जाताय, सांगून न्हाय, इचारून न्हाय. कोपऱ्यापतूर दिसलं, मग वळलं. सून दारात उभी राहून बघत हुती. वळल्यावर आत आली आणि कामाला लागली.

मी बघते तर ही स्वयंपाकघरात फळीखाली आपली नि कृष्णातची गादी अंथरून माप बघतीया. लग्न होऊन आल्यापास्नं ह्या दोघांचं अंथरूण स्वयंपाकघरातच. समद्यांच्या आधी उठायचं, समदी निजल्यावर पाठ टेकायची. कधी तोंडातनं शब्द न्हाय. माझं टाळकंच फिरलं. मी ती गादी उचलली, ओढत नेली आणि बाहेरच्या खोलीत टाकली. आमच्या दोघांच्या वाकळा आणून फळीखाली पसरल्या.

"आत्या, हे काय?"

"खोली तुमची. आमी म्हातारा-म्हातारी हितं पडतो."

न्हाय म्हणली. मामांना थंडी बाधंल म्हणली. मी म्हणलं, चूल हाय की हितं, ऊब असती. रातचं त्यास्नी उठायला लागतं म्हणली. मी म्हणलं, मोरी हितनंच जवळ हाय. मग ती वाकून पाया पडाय लागली तर मी म्हणलं, पाया नंतर पड, आधी ते तांदळाचं पिंप सरकव.

पिंप काय सरकलं न्हाय. एवढ्या भांडणात, एवढ्या हलवाहलवीत जिच्या डोळ्यात पाण्याचा टिपूस आला नव्हता ती पोर मोरीच्या कट्ट्यावर बसली आणि लहान पोरागत ढसाढसा रडली. मी तिला रडू दिलं, आणि डबं लावायला घेतलं.