फेब्रुवारीतला पाऊस

"आधी तुमचं कार्ड दाखवा," वसंतराव दाराच्या फटीतूनच म्हणाले.

बाहेर उभ्या असलेल्या तिशीच्या मुलीने निमूटपणे पर्समधून ऑफिसचं कार्ड काढून दिलं. वसंतरावांनी ते चष्म्याजवळ नेलं, उलटून पाहिलं, फरहा हे नाव वाचलं, फोटो आणि चेहरा ताडून पाहिला आणि मगच साखळी काढली. मुंबईच्या गोदीत चौतीस वर्षं टॅली क्लार्क होते ते. जहाजात चढणारी प्रत्येक पेटी मोजायची आणि शीटवर नोंदवायची, हे त्यांचं काम. असा माणूस आखातातल्या अबू हमूरला मुलाकडे राहायला आला म्हणून थोडाच बदलतो!

शिवाय गिरीशने, त्यांच्या मुलाने, सकाळी निघतानाच बजावलं होतं. "बाबा, महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवरून नंबर काढून येतेय ती. कोण, कुठली, देव जाणे. चळवळी-बिळवळी काही बोलू नका. मार्चमध्ये माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय. आणि सही तर कशावरच नको."

"मी कशाला सही करतोय? जन्मात एक खोटी नोंद केली नाही मी."

हे वाक्य गिरीश शाळेपासून ऐकत आला होता. त्याचा स्वतःचा अर्धा स्वभाव त्या वाक्यावर पोसलेला होता.

फरहा सोफ्याच्या टोकाशी बसली. वसंतरावांनी चहा दिला, पण तिचा फोन पालथा ठेवायला लावला.

"रेकॉर्डिंग नाही ना?"

"नाही काका. मी इथे लायब्ररीत असते. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाविरुद्ध जगभर लोकांनी काय काय केलं, त्याचे कागद आम्ही जमवतोय. पत्रकं, सभांचे फोटो, बंदरांचे कागद."

"मराठी कसं येतं?"

"रत्नागिरीची आहे मी."

हेही त्यांना जरा जास्तच सोयीचं वाटलं. तेवढ्यात तिने एका कागदाची प्रत टीपॉयवर ठेवली आणि वसंतरावांनी ती चष्म्याजवळ नेली. त्यांचंच अक्षर. एकोणीसशे एक्याऐंशी, फेब्रुवारी. 'काम थांबल्याचं कारण' या रकान्यात लिहिलं होतं, पाऊस. खाली त्यांची सही.

"फेब्रुवारीत पाऊस, काका?"

"अवकाळी पडतो कधीकधी."

"त्या आठवड्याचं हवामान बघितलं मी. थेंबही नव्हता."

"तुम्हाला पाठवलंय कोणी?" वसंतरावांचा आवाज चढला. "इतक्या वर्षांनी चौकशी लावायची आहे का माझ्यावर?"

"कोणी नाही पाठवलं." तिने कागद परत घेतला. "तुम्ही पाऊस म्हणताय तर पाऊस. हा कागद मग आमच्या कामाचा नाही, यादीतून काढते. शुक्रन काका, चहा छान होता."

ती चपला घालायला वाकली. आता ती गेली की संपलं, नाव शाबूत. वसंतरावांना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

"थांबा," ते म्हणाले. "बसा."

मग त्यांनी सांगितलं. पेट्यांत खाणीतल्या यंत्रांचे भाग होते. कागदावर नाव भलत्याच बंदराचं, पण माल कुठे चाललाय हे गोदीत सगळ्यांना कळलं होतं. मुनाफ मुकादमाची बारा जणांची टोळी धक्क्यावर फतकल मारून बसली. म्हणाले, तिथे काळ्या माणसाला माणूस मानत नाहीत, अशांचा माल आम्ही चढवणार नाही. दुसऱ्या दिवशी जहाज त्या पेट्या न घेताच गेलं.

"मुनाफ माझ्याकडे आला. म्हणाला, लिहा साहेब, माणसांनी नकार दिला. मी म्हटलं, वेडा आहेस का, बाराच्या बारा घरी बसाल. शीटवर कारणं ठरलेली असायची. क्रेन बंद लिहिलं तर मेकॅनिक येऊन तपासणार. पाऊस कोण तपासतोय? साहेबानेही न बघता सही ठोकली."

"म्हणजे तुम्ही त्यांना वाचवलंत."

"मी चाळीस वर्षं स्वतःला तेच सांगतोय." वसंतरावांनी चष्मा काढला. "नकार लिहिला असता तर पहिलं बोलावणं मला आलं असतं. टरकली होती माझी, दुसरं काही नाही. मुनाफ त्यानंतर माझ्याशी कधी बोलला नाही."

फरहाने तो कागद पुन्हा टीपॉयवर ठेवला.

"तुम्ही खरं बोलाल असं वाटलं नव्हतं, म्हणून आधी सांगितलं नाही," ती म्हणाली. "मुनाफ माझे नाना. आईचे वडील. घरी सांगायचे, आम्ही आफ्रिकेसाठी जहाज अडवलं. मामाने एकदा ओळखीने गोदीतला कागद बघितला आणि सगळ्यांसमोर हसला. अब्बा, तुम्ही तर पावसाला घाबरून बसलेलात! त्यानंतर नानांनी ती गोष्ट पुन्हा काढलीच नाही."

"मुनाफ आता कुठे असतो?"

"सहा वर्षं झाली जाऊन."

वसंतरावांचे डोळे भरून आले. लपवावेत असं त्यांना वाटलं नाही. टीपॉयवरचा त्यांचा फोन वाजायला लागला. गिरीशचा होता. त्यांनी तो वाजू दिला.

"कागद दे, बाळ. सही करतो."

तिने दिलेल्या कोऱ्या कागदावर त्यांनी सावकाश लिहिलं. पाऊस ही नोंद खोटी आहे, ती मी केली. माणसांनी नकार दिला. खाली पूर्ण नाव, तारीख, सही.

"माणसांची नावंही लागतील, काका. सगळ्यांची."

त्यांनी ओळीने एक ते बारा आकडे घातले. "मुनाफचं पूर्ण नाव काय?"

"मुनाफ इब्राहिम साखरकर."

ते पहिल्या ओळीवर लिहिलं. दुसरीवर अब्बास. त्याचं आडनाव कधी विचारलंच नव्हतं. तिसरीवर धोंडू. पेन चौथ्या आकड्यापाशी टेकलं आणि तिथेच राहिलं. गॅलरीत कपडे वाळत होते, खाली कोणीतरी गाडी मागे घेत होतं.

"पेट्या तीनशे बारा होत्या," वसंतराव म्हणाले. "एवढं मात्र पक्कं आठवतंय."

फरहाने ते लिहून घेतलं नाही.