सगळ्या जिवांसाठी

कोपऱ्यावरचं चष्म्यांचं दुकान दोघा भावांचं. थोरला काचा घासायचा, धाकटा गिऱ्हाइकांशी बोलायचा. गेल्या दोन वर्षांत धाकट्याला ध्यानाचं असं काही वेड लागलं होतं की बोलता बोलता तो डोळे मिटायचा आणि गिऱ्हाईक बिचारं ताटकळत उभं राहायचं.

थोरल्याच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा तो म्हणाला, "सोबत येशील ना रे? जन्मभर लोकांच्या डोळ्यांचंच काम केलं, पण स्वतःवर वेळ आली तर भीती वाटतेय."

"दादा, नेमकं त्याच आठवड्यात माझं मौनाचं शिबिर आहे. तू श्वासाकडे लक्ष दे. भीती म्हणजे नुसता विचार असतो."

थोरल्याने मान डोलावली.

शिबिरात फोन जमा झाले. आठ दिवस धाकटा पाठ ताठ करून बसला. रोज संध्याकाळी सगळ्या जिवांना शुभेच्छा धाडायच्या असत. त्याने अनोळखी माणसांना धाडल्या, पाखरांना धाडल्या, इतकंच काय, ज्याच्याशी बोलणं टाकलं होतं त्या मेव्हण्यालाही धाडल्या. एकदा तर त्याचे डोळे घळाघळा वाहिले. आपण बरेच पुढे गेलो, असं त्याला वाटलं.

घरी आला तर थोरला डोळ्याला पट्टी लावून खाटेवर बसलेला, आणि शेजारचा घड्याळजी त्याला चहा ओतून देतोय.

"यानेच नेलं मला," थोरला कौतुकाने म्हणाला. "फॉर्मवर नातं विचारलं, तर पठ्ठ्याने 'भाऊ' लिहून सही ठोकली!"

घड्याळजी हसला नाही. कप ठेवून निघून गेला.

"तुझं सांग. शांती मिळाली का?"

थोरल्याच्या आवाजात टोमणा नव्हता, खरंच कुतूहल होतं. धाकटा सांगत सांगत शुभेच्छांपर्यंत आला.

"मलाही धाडल्यास?"

धाकट्याला तेव्हा कुठे उमगलं. आठ दिवसांत दादा एकदाही आठवला नव्हता.

"हो," तो म्हणाला.

"तरीच! अजिबात दुखलं नाही बघ."

धरणीने पोटात घ्यावं, असं धाकट्याला झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्याने पट्टी सोडवून थोरल्याच्या डोळ्यात औषध घातलं, पण नेम चुकला. थेंब गालावर ओघळला.

"दादा, काल मी खोटं बोललो. तू मला आठवलाच नाहीस."

थोरल्याने गालावरचा थेंब पुसला. मग हळूच म्हणाला, "दुखलं होतं रे. बरंच दुखलं."

धाकटा उठला आणि थेंब नीट कसे घालायचे ते विचारायला घड्याळजीकडे गेला. विचारताना त्याची मान काही वर झाली नाही.