सुपारीच्या डबीतला आवाज

अण्णांनी दाराला लाल टॉवेल लावला, तशी श्रद्धाने गॅस बंद केला आणि ती मुकाट्याने जिन्यात जाऊन सासूच्या, माईंच्या शेजारी बसली. सासरे अंबरनाथच्या दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. पण नवी वस्तू सुरू करताना लाल कापड लावायचं आणि माणसं बाहेर काढायची, ही तिथली शिस्त त्यांनी घरी आणली होती. घरातला मिक्सरही याच इतमामात सुरू झाला होता.

आजची वस्तू म्हणजे माईंची सुपारीची डबी. अण्णांनी तिच्यात हेडफोनचा आवाज वाढवणारं यंत्र बसवलं होतं. सुटे भाग उल्हासनगरच्या कॅम्प एकमधले, वीज लॅपटॉपच्या यूएसबीतून.

"अहो, पाच व्होल्टचं ना ते?" माई जिन्यातून ओरडल्या. "त्यानं झुरळ तरी मरेल का?"

"लॅपटॉप मरेल," आतून उत्तर आलं. "म्हणून आधी माझा जुना कॉम्प्युटर. गेला तर शहीद."

गरज श्रद्धाची होती. मुलीच्या जन्मानंतर नोकरी सुटली, ती सुटलीच. आता एका संस्थेचं काम चालून आलं होतं: गावोगावच्या मुलाखती ऐकून टाइप करायच्या, घरबसल्या. चाचणीची फाइल शुक्रवारी संध्याकाळपर्यंत द्यायची होती. तिच्यात वांगणीच्या ठमाबाई भाताच्या जुन्या जाती सांगत होत्या, पण माइक बहुधा शेजारच्या घरात ठेवलेला. आवाज पूर्ण वाढवूनही ठमाबाई कुजबुजतच राहत.

जुना कॉम्प्युटर जगला, मग डबी लॅपटॉपला लागली. ठमाबाई खणखणीत बोलू लागल्या. त्यांच्यासोबत हेडफोनमध्ये डासांची एक पलटणही आली. माउस हलवला की पलटण सूर बदलायची.

अण्णांनी डबी उघडली, सोल्डरचे नवे डाग दिले, बंद केली. पुन्हा उघडली. दर खेपेला लाल टॉवेल, दर खेपेला घर जिन्यात. शुक्रवारची दुपार झाली तरी भाताच्या नावांच्या जागी टिंबंच होती.

"राहू द्या अण्णा. टिंबं ठेवूनच पाठवते."

"टिंबांवर कोण नोकरी देतं गं?"

तेवढ्यात, शुक्रवारच्या रिवाजाप्रमाणे, वीज गेली. पंखा थांबला.

"झालं!" माई म्हणाल्या. "आता बसा बोंबलत."

"माई, गप्प बसा!"

सून असं पहिल्यांदाच बोलली होती. हेडफोन दोन्ही हातांनी दाबून ती म्हणाली, "डास गेले."

लॅपटॉप बॅटरीवर चालत होता, डबी लॅपटॉपवर. भिंतीतला चार्जर तेवढा मुका पडला होता. अण्णांनी त्याच्याकडे घरभेद्याकडे पाहावं तसं पाहिलं.

"डबी निर्दोष आहे," ते हळूच म्हणाले. "हा चोर. आणि मी आपला तिचंच पोट फाडत बसलो."

ते श्रद्धाला ऐकू गेलं नाही. तिच्या कानात ठमाबाईंनी घसा साफ केला. राता. पटणी. वरंगळ. मग ठमाबाईंनी मुलाखतवाल्या मुलीला विचारलं, "लिवलंस का गो बाय?"

"लिहिलं," श्रद्धा मोठ्याने म्हणाली.

बॅटरी संपत आली तेव्हा फाइल मोबाइलच्या नेटवरून गेली. एकही टिंब न ठेवता.

सोमवारी काम पक्कं झाल्याचं कळलं, सोबत पुढची मुलाखतही आली. अण्णांनी समारंभपूर्वक चार्जर उपटला आणि दाराला लाल टॉवेल लावला. श्रद्धा आत बसली. माई सुपारी पिशवीत घेऊन जिन्यात गेल्या. त्यांच्या मागोमाग, नियमाप्रमाणे, अण्णाही.