बहिणीच्या दारातली हरळी

लेकीच्या, ऋतुजाच्या साखरपुड्याच्या साड्या घेऊन नांदेडहून आले, फाटक उघडलं अन् हातातली पिशवीच गळून पडली. माझं लॉन गेलं होतं! दारापुढं नुसती उकरलेली काळी माती. मधोमध माझा धाकटा भाऊ व्यंकट उभा, हातात खुरपं, तोंडभर हसू.

"आक्का, एक काडी ठिवली न्हाई बग!"

आई गं! हे लॉन ऋतुजाच्या बाबांनी लावलेलं. ते गेल्यापासून पोरगी एकच म्हणते, साखरपुडा हॉलमध्ये नको, बाबांच्या गवतावरच. अन् तो पुढच्याच महिन्यात होता.

गवत पिवळं पडत चाललं होतं, हे खरं. पात्यांखाली वाळक्या काड्यांचा थर इतका दाटला होता की पाणी वरच्या वर राहायचं, मातीपर्यंत जायचंच नाही. म्हणून तर देवणीहून व्यंकटाला बोलावलं, हातात दाताळं दिलं अन् सांगितलं, तेवढं वाळलेलं ओढून काढ.

"मेल्या, वाळलेलं म्हणाले होते मी, वाळलेलं!"

"पण खाली समदी हरळीच हाय की गं! रानातली हरळी खणण्यात माझा जन्म गेला. अर्धी ठिवली की दुप्पट येती. बहिणीच्या दारात कशी ठिवू?"

"तीच लावली होती रे तुझ्या दाजींनी!"

"हरळी? लावली?" व्यंकट मटकन खालीच बसला.

मी त्याला नको नको ते बोलले. ऋतुजानं आत जाऊन दार लावून घेतलं. त्याला तेच जास्त लागलं. तो गावाकडं गेलाच नाही. उपटलेल्या गवताच्या ढिगातल्या ओल्या मुळ्या निवडून त्यानं परत मातीत पुरल्या अन् रोज पाणी घालत बसला. जन्मभर जिला मर म्हणाला, तिला आता जग बाई म्हणत होता.

एके सकाळी तो असा ओरडला की मला वाटलं, साप निघाला. धावत गेले. मातीतनं हिरवी टोकं वर आली होती, जागोजाग.

"आली गं आक्का! दाजींची हरळी आली!" व्यंकट ढसाढसा रडत होता. ऋतुजा पळत येऊन मामाच्या गळ्यातच पडली. मलाही रडू आवरेना.

जरा शांत झाल्यावर त्यानं कमरेचं खुरपं काढून माझ्या हातात दिलं.

"साखरपुडा होईस्तोवर हे लपवून ठिव, आक्का. माझ्या हाताचा भरवसा न्हाई."