कॅमेरा बंद, शिव्या मला

मी राउटर बोलतोय. कपाटावरचा, दोन शिंगांचा, धुळीने माखलेला. आज बोलणारच, कारण कालपर्यंत दोन दिवस या घरात ऊठसूट माझ्याच नावाने शंख चालला होता.

घरात माणसं तीन. लेक नर्स, जावई शाळेत मास्तर, आणि लेकीचे वडील आप्पा, अंथरुणाला खिळलेले. दुपारी कामाची बाई त्यांना भरवून गेली की आप्पा एकटेच. म्हणून लेकीने त्यांच्यासमोर एक जुना कॅमेरा लावलाय. ड्यूटीवर मध्येच मोबाईल काढून ती आप्पांना बघते, मग कुठे तिचं कामात लक्ष लागतं. ते चित्र तिच्यापर्यंत पोचवतो मी. सहा वर्षं, बिनतक्रार.

रविवारी मास्तरांनी माझं सुरक्षेचं सेटिंग उघडलं. पर्याय तीन: जुनं, जुनं-नवं दोन्ही, आणि फक्त नवं. मास्तरांना पहिल्या नंबराचं भारी वेड. सगळ्यात भक्कम म्हणून त्यांनी 'फक्त नवं' निवडलं. कॅमेरा बिचारा जुन्या काळातला, त्याला ते झेपेना. घरातले फोन चालू, कॅमेरा तेवढा बंद.

मग काय विचारता! पासवर्ड बदलला, चिठ्ठी माझ्या पोटाला चिकटवली. पुन्हा बदलला, पुन्हा चिठ्ठी. मला बंद केलं, चालू केलं, थापडलं. अहो मास्तर, किल्ली बरोबर आहे, कुलूपच त्याच्या ओळखीचं नाही! पण सांगणार कसं? मला नुसते दिवे मिचकावता येतात. राउटर कामातून गेला, असं त्यांनी फोनवर बायकोला सांगून टाकलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मंगळवारी तिला राहवेना. अर्धी रजा टाकून ती दुपारीच घरी आली आणि चप्पल न काढताच आप्पांकडे धावली. आप्पा ठीक होते. मग तिने कॅमेऱ्याचं जुनं माहितीपत्रक शोधलं, शांतपणे वाचलं आणि मधला पर्याय निवडला. दोन मिनिटांत चित्र हजर!

रजा होतीच, म्हणून ती आप्पांपाशी बसली. त्यांची नखं कापली, केस विंचरले. कितीतरी दिवसांनी आप्पा मोठ्याने हसले.

ती उठली तेव्हा ते म्हणाले, "बंद होता तेच बरं होतं गं. तू आलीस तरी."

ती त्यांचं पांघरूण नीट करत राहिली.

आज दुपारी चित्र झकास जातंय, माझे सगळे दिवे हिरवे आहेत. आप्पा दाराकडे बघत पडलेत. ती तिकडून त्यांना बघतेय. मला थापडण्याआधी सेटिंग वाचा, एवढंच सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण खरं सांगू? आठवड्यातून एकदा मीच बंद पडावं, असं आता मला वाटतंय.