दोरी कुठे संपते

मी एक जुना ग्रंथ आहे, आणि माझा कुणावरही विश्वास नाही. तुमच्यावरही नाही, मित्रांनो. आधी सांगा, हात धुतलेत का?

तेव्हाच्या कम्युनिस्ट पूर्व जर्मनीत, सॅक्सनीच्या डोंगरातल्या टान्नग्रुंड गावी अरुंद रुळांची एक छोटी गाडी धावायची. तिचा सगळा इतिहास माझ्या पोटात आहे. गेर्नोट नावाच्या शाळामास्तरांनी तो वीस वर्षं खपून लिहिला आणि १९७४ साली मी छापला गेलो. त्याआधी मी नुसता कागदांचा गठ्ठा होतो. पण एवढं पक्कं आठवतं, की त्यातलं एक पान मास्तरांनी तीनदा लिहिलं. तिसऱ्यांदा समोर सरकारी कचेरीतला एक माणूस कॉफी पीत बसला होता. तेव्हापासून माझ्याच त्रेसष्टाव्या पानाबद्दल माझ्या मनात पाल चुकचुकते.

त्या पानावर १९५३ सालचा अपघात आहे. घाट उतरताना गाडी वळणावर रुळांवरून घसरली. ‘चालक आर्नो यांनी ब्रेकची दोरी वेळेवर सोडली नाही,’ असं मी सांगतो. आमच्या गाडीचा ब्रेक म्हणजे इंजिनापासून डब्यांवरून थेट शेवटपर्यंत नेलेली लांबलचक दोरी. ताणून धरली की चाकं मोकळी, सैल सोडली की सगळ्या डब्यांना ब्रेक. आर्नोला दोन वर्षं तुरुंगवास झाला. सुटल्यावर त्याने पुन्हा इंजिनाला हात लावला नाही.

पुढे गाडी बंद पडली. गावातल्या हौशी लोकांनी जुन्या स्टेशनात संग्रहालय थाटलं आणि मला काचेच्या कपाटात बसवलं. माझी काय बडदास्त! वाद झाला की कुणीतरी ओरडायचं, “ग्रंथ काढा!” ही मंडळी भिंग लावून माझ्या फोटोतल्या इंजिनांचे रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे खिळे, मोजायची. मग सगळं संगणकावर मिळायला लागलं आणि मी कपाटात धूळ खात पडलो.

गेल्या वर्षी त्यांनी सगळ्या चालकांच्या नावांची पाटी करायचं ठरवलं. आर्नोचं नाव यादीत नव्हतं. शनिवारी दुपारी, मंडळी खसखशीचा केक खात बसलेली असताना, त्याची ऐंशी वर्षांची मुलगी रोसविथा काठी टेकत आली. मला वाटलं, ही आता पान फाडणार! मी अंग चोरलं.

“माझ्या बापाचं नाव का नाही?” तिने मंडळाच्या अध्यक्षाला, फोल्कमारला, विचारलं.

“रोसविथाबाई, आमच्या हातात काही नाही हो. ग्रंथात छापलंय.”

“छापलं म्हणजे खरं झालं होय? बाबा मरेपर्यंत सांगत होता, शेवटच्या दोन डब्यांना दोरीच नव्हती. आण ते तुझं पुस्तक.”

फोल्कमारने नाइलाजाने मला उघडलं. पानावर अपघाताच्याच सकाळचा, गाडी निघण्याआधीचा फोटो आहे.

“हा फोटो मी शंभरदा पाहिलाय,” तो म्हणाला. “इंजिनाच्या डाव्या अंगाला बेचाळीस रिव्हेट.”

“रिव्हेट घाल चुलीत! मागे बघ की, मागे!”

त्याने भिंग मागे सरकवलं. पहिला डबा, दोरी. दुसरा, दोरी. तिसऱ्याच्या टपावर दोरी गाठ मारून तिथेच संपवली होती. त्यामागे लाकडाच्या ओंडक्यांचे दोन डबे नुसतेच अडकवलेले. आमच्या घाटात दोरीशिवाय एकही डबा जोडायचा नाही, हा नियम तिथल्या प्रत्येकाला पाठ होता. आर्नोने दोरी सोडली असेल, पण ते दोन डबे मागून ढकलतच राहिले असणार.

फोल्कमारने भिंग खाली ठेवलं. “पन्नास वर्षं... आम्ही सगळे इंजिनच बघत बसलो हो.”

माझी तर मान शरमेनं खाली गेली. वाक्य खोटं आणि त्याच्याखालचा फोटो खरा, दोन्ही मीच पोटात घेऊन बसलो होतो. मास्तरांनी तो फोटो मुद्दाम घातला असेल का? मला दाट संशय आहे.

फोल्कमारने समासात दुरुस्ती लिहायला पेन्सिल काढली.

“पेन्सिल नको,” रोसविथा म्हणाली. “खोडशील. शाईने लिही.”

त्याने शाईने लिहिलं. मला सुई टोचल्यासारखं झालं, पण बरं वाटलं.

म्हणून सांगतो, मित्रांनो, आम्हा जुन्या पुस्तकांना जपा, फाडू नका, फेकू नका. पण आमच्यावर आंधळा विश्वासही ठेवू नका. छापलेल्या ओळीत एखाद्या माणसाचं अख्खं आयुष्य अडकलेलं असतं.

पाटी लागली त्या दिवशी मला टेबलावर मांडलं होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रोसविथाने वाजवल्या नाहीत. ती पुढे गेली आणि बापाच्या नावावर अंगठा घासून पाहिला, रंग निघतो का म्हणून. मग दुसऱ्यांदा, जोर लावून घासला. नाव निघालं नाही, तेव्हा कुठे ती रडली.